आवाज शिकवायला शिकताना: स्वतःच्या श्वासापासून पहिल्या विद्यार्थ्यापर्यंत

‘माझा आवाज चांगला आहे, सगळेच म्हणतात. मला तो शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की मी आधी एक उलट प्रश्न विचारते: ‘तुमचा आवाज कधी अडला होता का? आणि तो मोकळा कसा झाला, ते सांगता येईल का?’

उपजत मोकळा आवाज लाभलेल्या माणसाला आपण नेमकं काय करतो, हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. मग समोरच्याचा आवाज घशात अडकला की तो स्वतः बोलून दाखवतो आणि ‘असं कर’ म्हणतो. समोरच्याला ते जमत नाही, म्हणून तर तो आलेला असतो. आवाजाच्या शिक्षकाची खरी कमाई त्याच्या गळ्यात नसते, कानात असते. दुसऱ्याचा आवाज ऐकून तो कुठे अडतोय हे ओळखणं आणि ती अडचण त्याच्याच शरीराकडून सोडवून घेणं, हेच त्याचं काम आहे. पुढची सगळी वाट त्यासाठी आहे, प्रमाणपत्रसुद्धा त्यासाठीच.

आधी हद्द ठरवा

आवाजाशी संबंधित कामं बरीच आहेत आणि नवखा माणूस ती एकमेकांत मिसळतो. नट, वक्ते, शिक्षक, निवेदक यांच्या बोलण्याच्या आवाजावर काम करणारा एक. गाण्याचा आवाज घडवणारा दुसरा. उच्चार आणि बोलीची लकब शिकवणारा तिसरा. आणि आजारी किंवा इजा झालेल्या आवाजावर उपचार करणारा वाचा-उपचारतज्ज्ञ चौथा. या चौथ्याचं शिक्षण आरोग्यशास्त्राच्या पदवीचं असतं आणि अनेक देशांत कायद्याने नोंदणी झाल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. पहिल्या तिघांना बहुतेक ठिकाणी असं कायद्याचं बंधन नाही. उद्या कुणीही स्वतःला आवाजाचा शिक्षक म्हणवू शकतो, आणि म्हणूनच आपली तयारी आपणच चोख ठेवावी लागते.

हा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे बोलण्याच्या आवाजाबद्दल. गाणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग लागू पडेल.

पहिलं वर्ष: स्वतःचा गळा

शिकवण्याचा विचार बाजूला ठेवून निदान एक वर्ष, जमलं तर दोन वर्षं, एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे विद्यार्थी म्हणून जा. एकाच शिक्षकाकडे टिकून राहा. दर तीन महिन्यांनी पद्धत बदलणाऱ्याच्या हाती व्यायामांची यादी लागते, आवाज लागत नाही.

घरचा रियाज रोज वीस ते तीस मिनिटांचा पुरे, पण रोजचा हवा. जमिनीवर पाठ टेकून, गुडघे वर घेऊन पडा आणि श्वास नुसता पाहा, त्याला वळण लावू नका. मग उच्छ्वासाबरोबर ‘स्स’, नंतर ‘झ्झ’, नंतर ओठ मिटून गुणगुणणं, मग स्वर, मग शब्द, मग वाक्य. हा क्रम कंटाळवाणा वाटतो. तरीही ‘स्स’वरून ‘झ्झ’वर जाताना स्वरतंतू कधी जुळले आणि त्या क्षणी मान आखडली का, एवढं ज्याला स्वतःमध्ये कळू लागलं, त्याला पुढे दुसऱ्यामध्येही कळतं.

महिन्यातून एकदा तोच उतारा, त्याच खोलीत, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे सगळ्यांचंच होतं. आपण बोलतो तेव्हा कवटीच्या हाडांतूनही ध्वनी आपल्या कानापर्यंत येतो, मुद्रणात तो भाग नसतो. बाकी जग तोच मुद्रणातला आवाज ऐकत असतं, तेव्हा त्याच्याशी ओळख करून घ्या.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. आवाज ठणठणीत असतानाच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्या, शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपी. स्वरतंतू स्त्रियांमध्ये सेकंदाला साधारण २०० वेळा आणि पुरुषांमध्ये १०० हून थोडे अधिक वेळा थरथरतात. इतका वेग डोळ्याला पकडता येत नाही. स्ट्रोबोस्कोपीत प्रकाशाची उघडझाप त्या थरथरीच्या वेगापेक्षा किंचित वेगळी ठेवतात, त्यामुळे तंतू संथ लयीत हलताना दिसतात. ते चित्र जपून ठेवा. पुढे कधी आवाज बिघडला तर डॉक्टरला तुलना करायला काहीतरी हाती असेल. शिवाय आपण जे शिकवणार आहोत ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असलं की बोलण्यात वेगळाच ठामपणा येतो.

शरीररचना: थोडी शिका, पण पक्की शिका

जिवंत माणसाच्या गळ्यात स्वरतंतू हलताना प्रथम नीट पाहून त्यांचा अभ्यास मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा शिक्षक होता. मान्युएल गार्सियाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणं मांडली. आपल्या पेशाची ही परंपरा मला फार मोलाची वाटते: आधी पाहा, मग सांगा.

पाठ करायचं फार नाही, समजून घ्यायचं आहे. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. तो आकुंचन पावला की खाली सरकतो, पोटातले अवयव पुढे ढकलले जातात, म्हणून पोट फुगतं. बोलताना तो हळूहळू सैल होत वर येत असतो आणि पोटाचे व बरगड्यांमधले स्नायू हवेचा दाब सांभाळतात. ‘पोटातून आवाज काढ’ ही सूचना ऐकून विद्यार्थी पोट दगडासारखं कडक करतो आणि घशावरचा भार उलट वाढतो. ‘छातीतला आवाज’ हेही तसंच. छातीत कंप जाणवतो हे खरं, पण आवाजाला रंग चढतो तो स्वरतंतूंच्या वरच्या पोकळीत: घसा, तोंड आणि नाक. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही वाट जेमतेम १७ सेंटीमीटरची असते. जीभ, जबडा, टाळू आणि ओठ हलले की या नळीचा आकार बदलतो आणि आवाजाचा पोत बदलतो. कंपाची जाणीव ही खूण म्हणून वापरायला हरकत नाही, फक्त तिला कारण समजू नका.

पाण्याचंही असंच. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. तंतूंवरचा ओलावा टिकतो तो सगळ्या शरीरात पाणी पुरेसं असल्याने. म्हणून भाषणाच्या आधी दोन घोट पिऊन घसा ‘धुतला’ जात नाही, पाणी दिवसभर प्यायला हवं. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथवर पोचते.

स्वरयंत्राच्या नसा आवर्जून शिका. डाव्या बाजूची एक नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर स्वरयंत्राकडे येते. त्यामुळे छातीतल्या एखाद्या विकाराची पहिली खूण आवाज बसण्यात दिसू शकते. एवढी एक गोष्ट लक्षात असली तरी शिक्षक ‘बघू, व्यायामाने होईल’ असं म्हणताना थबकतो.

कान तयार करणं

या भागाला मी सर्वांत जास्त वेळ देते, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

सुरुवात शब्दांपासून करा. ‘गोड आवाज’, ‘भारदस्त आवाज’, ‘कर्कश आवाज’ हे अभिप्राय आहेत, निरीक्षणं नव्हेत. त्यांनी काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. त्याऐवजी विचारा: श्वास कधी घेतला, वाक्याच्या कुठल्या शब्दावर संपला? शेवटचे दोन शब्द घशात घासले गेले का? हनुवटी पुढे आली का? पट्टी कुठे चढली आणि तिथे खांदे वर गेले का?

आवाज तपासणारे तज्ज्ञ एक साधी मोजपट्टी वापरतात. जपानमधून आलेल्या या पट्टीत पाच गोष्टी ऐकायच्या असतात: एकंदर बिघाड, खरखर, आवाजात मिसळलेला श्वास, अशक्तपणा आणि ताण. प्रत्येकीला ० ते ३ गुण द्यायचे. ती निदानासाठी वापरणं हे आपलं काम नाही, पण कानाच्या सरावासाठी याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. ओळखीच्या वीस माणसांची परवानगी घेऊन प्रत्येकाचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं मुद्रित करा. गुण लिहा, कागद ठेवून द्या. आठवड्याने क्रम बदलून पुन्हा ऐका, पुन्हा गुण द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. पहिल्या खेपेला माझे स्वतःचेच गुण स्वतःशी जुळले नव्हते. काही महिन्यांत ते जुळू लागले. मग अशीच तयारी करणाऱ्या सहाध्यायाबरोबर ताडून पाहा.

सोबतीला ‘प्राट’ हे मोफत संगणकीय साधन आहे, ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तयार केलं. त्यात आवाजाचा वर्णपट दिसतो: कंप किती नियमित आहेत, श्वासाचा सळसळाट किती मिसळला आहे. आधी कानाने अंदाज लिहा, मग पडद्यावर पाहा. क्रम उलटा केलात तर डोळा शहाणा होईल आणि कान आळशी.

उच्चारांच्या बाबतीत आपल्याकडे तयार नकाशा आहे. क, च, ट, त, प ही वर्गांची सुरुवातीची अक्षरं सावकाश म्हणा: जीभ मऊ टाळूपासून निघून पुढे सरकत दातांशी येते आणि शेवटी ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंतचा प्रवास पाच अक्षरांत. विद्यार्थ्याची जीभ मागे ओढली जाते का, हे याच क्रमात पटकन कळतं. ‘चंद्र’मधला च आणि ‘चाक’मधला च यांत जिभेचं टोक कुठे असतं, हे स्वतः शोधा आणि मग दुसऱ्याला शब्दांत सांगून पाहा. सांगता आलं, तर शिकवण्याची सुरुवात झाली.

कुठली वाट धरायची

शिक्षक म्हणून पात्रता मिळवण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

विद्यापीठीय वाटेत लंडनची रॉयल सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा हे नाव सर्वांत आधी येतं. एल्सी फोगर्टी यांनी १९०६ मध्ये ती सुरू केली, आणि आवाजाचे शिक्षक घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे चालतो. अशा अभ्यासक्रमात शरीररचना, ध्वनिशास्त्र, संहितेवरचं काम आणि शिकवण्याचं प्रात्यक्षिक, सगळं एकत्र मिळतं. नाट्यसंस्थांत पूर्णवेळ शिकवायचं असेल तर ही पदवी फार उपयोगी पडते. खर्च आणि पूर्ण वर्ष मोकळं काढणं, या तिच्या अडचणी.

दुसरी वाट विशिष्ट पद्धतीच्या प्रमाणपत्राची. क्रिस्टिन लिंकलेटर यांची पद्धत शरीरातले ताण सोडवून आवाज मोकळा करण्यावर भर देते. कॅथरीन फिट्झमॉरिस यांच्या पद्धतीत शरीरात मुद्दाम कंप येऊ देऊन श्वासाच्या जुन्या गाठी सोडवतात आणि मग त्यावर बोलण्याची नवी घडी बसवतात. जो एस्टिल यांची पद्धत अगदी दुसऱ्या टोकाची: स्वरयंत्राचा एकेक भाग वेगळा हलवायला शिकायचं, आणि ते जमलं की नाही हे आवाजाच्या आलेखावर दाखवून परीक्षा द्यायची. पहिल्या दोन पद्धती मनाला आणि कल्पनेला हात घालतात, तिसरी नियंत्रणाला. माझा कल पहिल्या दोन्हींकडे आहे, पण शरीररचनेची पक्की समज मला तिसरीने दिली. कुठलीही निवडण्याआधी तिच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरात साधे विद्यार्थी म्हणून बसा.

तिसरी वाट परीक्षा मंडळांच्या पदविकांची. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या एटीसीएल, एलटीसीएल आणि एफटीसीएल या चढत्या पायऱ्या वाणी आणि नाट्य या विषयांत ओळखल्या जातात. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांना ही वाट सोयीची. मात्र परीक्षा मंडळ परीक्षा घेतं, शिकवण्याची जबाबदारी तुमच्या गुरूची आणि तुमची.

अलेक्झांडर तंत्राचा उल्लेख इथे करायलाच हवा. एफ. एम. अलेक्झांडर हा काव्यवाचन करणारा कलाकार होता, आवाज बसू लागल्यावर आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःची मान आणि डोकं कसं हलतं हे पाहायला सुरुवात केली आणि त्यातून हे तंत्र उभं राहिलं. त्याच्या शिक्षकांचं प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं आणि १,६०० तासांचं असतं. आठवड्याभराच्या शिबिरानंतर ‘प्रमाणित आवाज प्रशिक्षक’ करून देणारी जाहिरात दिसली की हा आकडा आठवावा.

प्रवेश घेण्याआधी हे प्रश्न जरूर विचारा. देखरेखीखाली प्रत्यक्ष किती तास शिकवायला मिळेल? माझं शिकवणं कोण पाहील आणि लेखी अभिप्राय देईल का? शरीररचना कोण शिकवतं? अनुत्तीर्ण झाल्यास काय? तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन शिक्षकांशी बोलता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी पुढे जात नाही.

देखरेखीखाली शिकवणं

कितीही वाचलं, तरी खरं शिक्षण इथे होतं. आधी अनुभवी शिक्षकाच्या वर्गात कोपऱ्यात बसून पाहा, किमान तीस-चाळीस तास. त्याने कुठला व्यायाम दिला हे लिहू नका, त्याआधी त्याने काय ऐकलं असेल ते लिहा. वर्ग संपल्यावर त्याला विचारा. तुमचं आणि त्याचं उत्तर जिथे वेगळं निघेल, तिथे तुमचा पुढचा अभ्यास आहे.

मग दोन-तीन जणांना विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात शिकवा आणि परवानगी घेऊन चित्रफीत करा. मी माझी पहिली चित्रफीत पाहिली तेव्हा कळलं की पंचेचाळीस मिनिटांपैकी अर्ध्याहून जास्त वेळ मीच बोलत होते. मार्गदर्शकांनी एकच सांगितलं: ‘सूचना दे आणि मग तीन श्वास गप्प राहा.’ हे मला जमायला जवळजवळ वर्ष लागलं.

स्पर्शाबद्दल शिक्षण याच टप्प्यात घ्या. बरगड्यांवर किंवा पाठीवर हात ठेवून श्वास दाखवणं ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे. आता नियम असा ठेवा: दर वेळी आधी विचारायचं, का ते सांगायचं, आणि ‘नको’ हे उत्तर सहज देता येईल असं विचारायचं. विद्यार्थ्याचाच हात त्याच्या बरगड्यांवर ठेवायला सांगितलं तरी बहुतेक काम होतं.

प्रत्येक तासाची नोंद ठेवा: काय ऐकलं, काय करून पाहिलं, काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. त्यात खोटं लिहायचा मोह होतो.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. महिनाभर आवाज बसलेला होता. मी उत्साहाने सहा आठवडे व्यायाम दिले. आवाज किंचित सुधारायचा, परत बसायचा. शेवटी त्या स्वतःहून तपासायला गेल्या तेव्हा स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. विश्रांती आणि वाचा-उपचाराने त्या बऱ्या झाल्या, पण सहा आठवडे मी वाया घालवले होते, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम: तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल, तर आधी घसा तपासून यायचं, मग वर्ग. आवाज अचानक गेला, बोलताना किंवा गिळताना दुखतं, श्वासाला त्रास होतो, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली, तर एक दिवसही थांबायचं नाही. आजाराचं नाव आपण उच्चारायचं नाही. ‘मला जे ऐकू येतंय ते तज्ज्ञाने पाहायला हवं,’ एवढंच म्हणायचं. शक्य असेल तर जवळच्या घसातज्ज्ञाशी आणि वाचा-उपचारतज्ज्ञाशी आधीच ओळख करून ठेवा.

काम सुरू करताना

पहिल्या भेटीत व्यायाम देण्याची घाई करू नका. दिवसात किती तास बोलावं लागतं, खोली केवढी, गोंगाट किती, झोप, पाणी, छातीतली जळजळ, धूम्रपान, चालू औषधं, हे सगळं विचारा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने ही गोष्ट शतकापूर्वी नोंदवली आणि तिला त्याचंच नाव मिळालं. दिवसभर पंखे, यंत्रं किंवा मुलांच्या कलकलाटात बोलणाऱ्याचा निम्मा इलाज खोलीत असतो: जवळ जाऊन बोलणं, मायक्रोफोन वापरणं, लक्ष वेधायला टाळी किंवा घंटा.

पहिला व्यायाम म्हणून मी बहुधा बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून आवाज काढायला देते. तोंडाची वाट अरुंद झाली की हवेचा दाब उलटा मागे येतो आणि स्वरतंतू कमी जोराने आदळतात. आवाजाचे संशोधक इंगो टिट्झे यांनी यामागचं भौतिकशास्त्र मांडलं आहे. शिकवायला सोपा आणि फरक त्याच दिवशी ऐकू येतो, म्हणून विद्यार्थी तो घरी करतात.

सुरुवातीला गट सहा-आठ जणांहून मोठा नको, त्यापलीकडे प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. ओळीने तीन तासांहून जास्त वर्ग घेऊ नका. दाखवण्याच्या नादात शिक्षकाचाच आवाज आधी झिजतो. स्वतःचा शिक्षकही सोडू नका, महिन्यातून एकदा का होईना त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहा. १९८६ मध्ये स्थापन झालेली व्हास्टा ही आवाज आणि वाणीच्या शिक्षकांची संघटना आहे. अशा ठिकाणी आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करणारी माणसं भेटतात.

आणि पहिल्या तासाला विद्यार्थ्याकडून अर्ध्या मिनिटाचा एक उतारा वाचून घेऊन मुद्रित करा, आणि दहाव्या तासाला तोच पुन्हा वाचून घेऊन मुद्रित करा. दोन्ही मुद्रणं विद्यार्थ्याबरोबर बसून ऐका. तुम्हाला काय ऐकू आलं ते लगेच सांगू नका, आधी त्याला विचारा.